सातपूरचे सोल्डर दुकान: रिळासोबत भट्टीचे नावही मिळते

अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा इलेक्ट्रॉनिक कार्डांच्या जुळवणीचा लहानसा कारखाना आहे. चौदा जणी हाताने सोल्डरिंग करतात, म्हणजे वितळवलेल्या मिश्रधातूने (सोल्डरने) सुटे भाग कार्डावर जोडतात, एक डिप पॉट, म्हणजे वितळलेल्या सोल्डरचे भांडे, आहे, आणि तयार कार्डे नाशिकमधल्याच पॅनेल बनवणाऱ्या कंपन्यांकडे जातात. सोल्डर वायर, सोल्डर बार आणि फ्लक्स (जोड नीट बसावा म्हणून लागणारे रसायन) या तीन वस्तूंसाठी गेले दीड वर्ष मी सातपूरच्या या दुकानाची नियमित ग्राहक आहे. त्र्यंबक रस्त्यावरून वसाहतीत वळल्यावर आतल्या गल्लीत एका गाळ्यात हे दुकान आहे आणि बाहेरून ते सहज लक्षात येत नाही. या परीक्षणात मालाच्या दर्जाबद्दल थोडे आणि मालासोबत मिळणाऱ्या कागदांबद्दल जास्त लिहिले आहे. नाशिकमधल्या माझ्यासारख्या लहान उद्योजकांचे काम आता याच कागदांपाशी अडते, आणि ते कागद समजून-उमजून देणारा दुसरा विक्रेता मला शोधूनही सापडलेला नाही.

आधी मालाविषयी. मी प्रामुख्याने शिसेविरहित सॅक ३०५ तार घेते. तिच्यात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्के तांबे असते. ती २१७ ते २२० अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळते. जुनी ६३-३७ची शिसेमिश्रित तार १८३ अंशांवरच वितळत असल्यामुळे शिसेविरहित तारेकडे वळताना बिटचे, म्हणजे सोल्डरिंगच्या तापत्या टोकाचे, तापमान वाढवावे लागते, आणि तार हलक्या प्रतीची असेल तर तिच्यातला फ्लक्स जळून काळा पडतो, बारीक थेंब आजूबाजूच्या पिनांवर उडतात आणि मग ब्रशने साफ करण्यातच निम्मा दिवस जातो. या दुकानातून घेतलेल्या तारेत हा त्रास जवळजवळ नाही. ०.८ मिलिमीटरची तार नेहमी तयार असते. ०.५ मिलिमीटरची मात्र दोनदा आठवडाभर थांबून मिळाली. मालाबद्दल माझी तक्रार एवढीच आहे.

आता कागदांविषयी. दीड वर्षापूर्वी आमच्या एका मोठ्या ग्राहकाकडून एक एक्सेल फाइल आली आणि ती पंधरा दिवसांत भरून द्यावी असे कळवण्यात आले. सीएमआरटी या नावाने ओळखला जाणारा हा नमुना रिस्पॉन्सिबल मिनरल्स इनिशिएटिव्ह ही आंतरराष्ट्रीय संस्था तयार करते आणि तो कोणालाही विनामूल्य मिळतो. तुमच्या मालात कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने या चार धातूंपैकी काय काय आहे, ते कोणत्या स्मेल्टरमधून, म्हणजे खनिज वितळवून धातू काढणाऱ्या कोणत्या भट्टीतून आले, आणि ती भट्टी संघर्षग्रस्त प्रदेशातले खनिज घेते का, हे त्यात विचारलेले असते. आमच्या प्रत्येक कार्डावर कथील आहेच, कारण सोल्डर म्हणजे बहुतांशी कथीलच. जगात निघणाऱ्या कथलापैकी जवळपास निम्मे सोल्डरसाठी वापरले जाते, हे मला तेव्हा प्रथमच कळले.

त्या वेळी मी दुसऱ्या एका विक्रेत्याकडून तार घेत असे. त्यांना विचारले, तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी लेटरहेडवर एका ओळीचे पत्र दिले: आमच्या मालात काँगोमधील कोणतेही खनिज वापरलेले नाही. खाली सही आणि शिक्का. मी ते फाइलला जोडून निर्धास्त मनाने पाठवून दिले. चार दिवसांनी ते परत आले आणि सोबत एकच प्रश्न होता: हे तुम्हाला कशावरून माहीत? मी तोच प्रश्न विक्रेत्याला विचारला. त्यांच्याकडे उत्तर नव्हते. ते ज्या व्यापाऱ्याकडून रिळे घेत होते, त्याला कारखान्याचे नाव ठाऊक होते. कारखाना कथील कोठून घेतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. एवढ्या माहितीच्या बळावर त्यांनी एका संपूर्ण देशाबद्दल शपथपूर्वक सांगावे तसे लिहून दिले होते आणि मी ते पुढे सरकवले होते. या चुकीतला माझा वाटा मी नाकारत नाही.

ओळखीच्या एका उद्योजकाने मग मला सातपूरच्या या दुकानात पाठवले. मालक साठीच्या पुढचे आहेत आणि वसाहतीतले सगळे त्यांना काकाच म्हणतात. मी पत्र दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते वाचले, परत माझ्या हातात दिले आणि म्हणाले, “ताई, नाही म्हणायला काय लागतं? कुठून आलं ते सांगा म्हणावं.” मग त्यांनी कपाटातून प्लॅस्टिकच्या पाकिटांची जाडजूड फाइल काढली. तिच्यात ते विकत असलेल्या प्रत्येक कारखान्याच्या तारेची सीएमआरटी छापून ठेवलेली होती, वर तारीख लिहिलेली होती, आणि स्मेल्टरच्या यादीच्या पानावर काही नावांपुढे पेन्सिलने बरोबरची खूण होती. ही खूण काकांचा मुलगा करतो. रिस्पॉन्सिबल मिनरल्स इनिशिएटिव्हच्या, तपासणी झालेल्या भट्ट्यांच्या जाहीर यादीत स्मेल्टरचे नाव आणि ओळखक्रमांक पडताळून पाहिल्याखेरीज तो खूण करत नाही.

ही पडताळणी कशासाठी, हे थोडे सांगायला हवे. पूर्व काँगोमध्ये, म्हणजे उत्तर किवू, दक्षिण किवू आणि इतुरी या प्रांतांत, कथील, टँटलम आणि सोने यांची खनिजे हाताने खणली जातात, आणि गेली जवळपास तीस वर्षे तिथले सशस्त्र गट खाणी आणि रस्ते ताब्यात घेऊन त्यांवर पैसा उभारत आले आहेत. हा इतिहास झाला असेही नाही. उत्तर किवूमधील रुबाया ही खाण जगातल्या टँटलमच्या खनिजापैकी सुमारे १५ टक्के खनिज देते असे मानले जाते. २०२४ साली एम२३ या बंडखोर गटाने ती ताब्यात घेतली, आणि तिथल्या उत्पादनावर व व्यापारावर कर लावून हा गट महिन्याला किमान ८ लाख डॉलर मिळवतो, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने नोंदवले. तिथले खनिज चोरट्या वाटेने रवांडात नेऊन तिथल्या खनिजात मिसळले जाते, हेही त्याच गटाने लिहिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये गोमा आणि पुढच्याच महिन्यात बुकावू ही शहरे एम२३च्या हाती गेली. याच बुकावूत पांझी रुग्णालयात लैंगिक अत्याचारग्रस्त स्त्रियांवर उपचार करणारे डॉक्टर डेनिस मुकवेगे यांना २०१८ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, आणि तो स्वीकारतानाच्या भाषणात त्यांनी या अत्याचारांचा संबंध आपल्या हातातल्या फोनमधल्या आणि अंगावरच्या दागिन्यांमधल्या खनिजांशी स्पष्ट शब्दांत जोडला होता.

खाणीपासून नाशिकच्या रिळापर्यंतच्या प्रवासात खनिज अनेक हातांतून जाते: खणणारा, पोती वाहणारा, गावातला व्यापारी, शहरातला निर्यातदार, स्मेल्टर, धातूचा व्यापारी, तार ओढणारा कारखाना, वितरक. खाणी हजारोंनी आहेत आणि कारखाने त्याहून जास्त, पण स्मेल्टर जगभरात मोजकेच आहेत. एकदा खनिज भट्टीत गेले की ते कोणत्या डोंगरातले, हे धातूकडे पाहून ओळखता येत नाही. त्यामुळे ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेने २०११ साली जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत स्मेल्टरपाशी त्रयस्थ तपासणी करण्यावर भर आहे. तपासनीस भट्टीचे खरेदीचे दप्तर पाहतो, आवक आणि जावक यांचा मेळ घालतो आणि मालाच्या उगमाचे कागद मागतो. सीएमआरटीतल्या यादीतले प्रत्येक नाव म्हणूनच महत्त्वाचे आहे, आणि नाव नसलेले पत्र म्हणूनच निरुपयोगी आहे.

काकांच्या फाइलमधील तारेच्या कागदात कथलाचे सात स्मेल्टर होते आणि त्यांपैकी सहांपुढे खूण होती. सातव्यापुढे प्रश्नचिन्ह. मी विचारले, तेव्हा त्यांच्या मुलाने संगणकावर दाखवले की त्या भट्टीचे नाव आधीच्या यादीत होते, नव्या यादीत नाही. असे होण्याची कारणे अनेक असू शकतात. भट्टी बंद पडली असेल, तिने तपासणीची मुदत चुकवली असेल, किंवा तपासणीत ती उतरली नसेल. दुकानाने हे माझ्यापासून लपवले नाही, तरी पुढच्या गोष्टीबद्दल मात्र त्यांचे गुण कापावे लागतील. कारखान्याकडून सुधारित कागद मिळवायला त्यांना अकरा दिवस लागले, आणि माझी पंधरा दिवसांची मुदत त्यातच जवळपास संपली. मुलाने तीन वेळा फोन केला, दोन मेल पाठवले, हे मी पाहिले आहे. पण प्रश्नचिन्ह महिनाभर आधीपासून होते, तर पाठपुरावाही तेव्हाच सुरू व्हायला हवा होता. सुधारित कागदात त्या भट्टीकडून खरेदी थांबवल्याचे कारखान्याने लिहून दिले आणि ग्राहकाने माझी फाइल स्वीकारली. त्यानंतर दुकानाने एक सवय लावून घेतली आहे: दर तीन महिन्यांनी सगळ्या याद्या पुन्हा पडताळायच्या आणि बदल झाला असेल तर मागल्या ग्राहकांना आपण होऊन कळवायचे. मला असे दोनदा कळवण्यात आले.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. ती एकट्या या दुकानाची नाही, पण ग्राहकाने ती समजून घ्यावी असे मला वाटते. सीएमआरटी तीन प्रकारे भरता येते: संपूर्ण कंपनीसाठी, ठरावीक उत्पादनासाठी, किंवा भरणाऱ्याने स्वतः ठरवलेल्या व्याप्तीसाठी. तारेच्या कारखान्याने दिलेला कागद संपूर्ण कंपनीचा आहे. म्हणजे त्यातले सात स्मेल्टर हे त्या कारखान्याने कोणत्याही मालासाठी वापरलेले स्मेल्टर आहेत. माझ्या टेबलावरच्या रिळात त्यांपैकी कोणाचे कथील आहे, हे त्यावरून कळत नाही. मी काकांना म्हटले, रिळावर लॉट नंबर असतो, त्यावरून सांगता येईल का? त्यांनी सरळ उत्तर दिले की नाही येणार, कारण वेगवेगळ्या भट्ट्यांच्या कथलाच्या विटा कारखान्यात एकाच कढईत वितळतात. इतके स्पष्ट उत्तर मला कोणा मोठ्या वितरकाच्या विक्री प्रतिनिधीकडूनही मिळालेले नाही. माझ्या आग्रहावरून आता बिलावर प्रत्येक रिळाचा लॉट नंबर हाताने लिहून मिळतो. उद्या एखाद्या भट्टीबद्दल काही निष्पन्न झाले, तर कोणत्या महिन्यातली कार्डे तपासायची, एवढे तरी त्यावरून ठरवता येईल.

काकांच्या दुकानात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की ते काँगोचे नाव आले म्हणून माल नाकारत नाहीत. फाइलमधल्या दुसऱ्या एका कारखान्याच्या कागदात, आमचे काही स्मेल्टर काँगो आणि शेजारच्या देशांतून खनिज घेतात, असे उघड लिहिलेले आहे, आणि त्या सर्व स्मेल्टरांची नावे जाहीर यादीत तपासणी झालेल्यांमध्ये आहेत. पहिल्यांदा ते वाचून मी दचकले आणि तो माल नको म्हणाले. काकांनी तेव्हा वाद घातला नाही, एवढेच म्हणाले, “खरं लिहिणाऱ्याला आपण बाहेर काढलं, तर उद्या सगळेच खोटं लिहितील.” नंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, तेव्हा त्यांचे म्हणणे किती खरे आहे हे पटत गेले.

अमेरिकेत २०१० साली डॉड-फ्रँक कायदा झाला. त्याच्या कलम १५०२ नुसार अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी काँगो आणि त्याच्या नऊ शेजारी देशांतून आलेल्या या चार धातूंबद्दल माहिती द्यायची होती. कायद्याने खरेदीवर बंदी घातली नव्हती, विचारणा करायला लावली होती. पण विचारणा करण्यापेक्षा त्या भागाकडे पाठ फिरवणे अनेक खरेदीदारांना सोपे वाटले. त्यातच सप्टेंबर २०१० मध्ये काँगोचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ कबिला यांनी उत्तर किवू, दक्षिण किवू आणि मानिएमा या तीन प्रांतांतले खाणकामच थांबवले. ती बंदी मार्च २०११ मध्ये उठली. या काळात बंदूकधाऱ्यांचे किती नुकसान झाले हे वादाचे आहे. हाताने खणून पोट भरणाऱ्या हजारो माणसांची चूल मात्र विझली. आपल्याकडे कांद्याची निर्यातबंदी आली की लासलगावला काय होते, हे नाशिकच्या माणसाला वेगळे सांगायला नको. मालाचा दोष आणि माल पिकवणाऱ्याचा दोष यांची गल्लत झाली की नेहमी शेवटच्या माणसाचेच हात रिकामे राहतात.

म्हणून एखादा विक्रेता अभिमानाने ‘आमच्याकडे काँगोचा माल नाही’ म्हणाला, तर त्याला गुण देऊ नयेत, असे आता माझे ठाम मत झाले आहे. कथलाच्या बाबतीत तर हे उत्तर प्रश्नालाच बगल देते. म्यानमारच्या वा प्रदेशातून मोठ्या प्रमाणावर कथलाचे खनिज चीनमधल्या भट्ट्यांकडे जात आले आहे, आणि त्या प्रदेशावर स्वतःचे सैन्य बाळगणाऱ्या एका सशस्त्र गटाचीच सत्ता आहे. इंडोनेशियाच्या बांका आणि बेलितुंग बेटांवर युद्ध नाही, पण समुद्राचा तळ उपसून कथील काढण्याने तिथल्या प्रवाळांची आणि मासेमारीची हानी झाली आहे, आणि बेकायदा खाणींत माती ढासळून माणसे मरतात. इतके दूर जायचेही कारण नाही. आपल्या देशात कथलाचे खनिज निघते ते छत्तीसगडमध्ये, दंतेवाडा आणि सुकमाच्या भागात, आणि ते गोळा करतात आदिवासी. तो प्रदेश दशकानुदशके बंदुकीच्या सावलीत राहिलेला आहे. ‘संघर्षग्रस्त प्रदेश’ हे शब्द वाचताना आपण नकाशावर आफ्रिका शोधतो, पण गडचिरोलीच्या पलीकडची हद्द ओलांडली की ते शब्द आपल्यालाही लागू पडतात.

तपासणी झालेली यादी म्हणजे अखेरचा शब्द असेही कोणी मानू नये. काँगो आणि रवांडातल्या खाणींवर पोत्यांना क्रमांकाची पट्टी लावण्याची योजना अनेक वर्षे चालू आहे, आणि २०२२ साली ग्लोबल विटनेस या संस्थेने असा आरोप केला की संशयास्पद खाणींतला मालही त्या पट्ट्या लावून बाहेर पडतो. पट्टी खरी आणि पोते खोटे, असे होऊ शकते. काकांचा मुलगा हे जाणतो. म्हणून तो ग्राहकांना ‘तुमचा माल शंभर टक्के शुद्ध आहे’ असे प्रमाणपत्र देत नाही, तर काय तपासले, कधी तपासले आणि काय तपासता आले नाही, हे अर्ध्या पानावर लिहून देतो. हे अर्धे पान मी दर वेळी सीएमआरटीसोबत पुढे पाठवते. आमच्या ग्राहकाच्या परदेशी ग्राहकाच्या खरेदी विभागाने त्यावर कधी आक्षेप घेतला नाही, उलट आमच्याकडून आलेली उत्तरे पूर्वीपेक्षा लवकर मंजूर होतात.

किमतीबद्दल सांगायचे तर, पूर्वीच्या विक्रेत्यापेक्षा इथली तार किलोमागे साधारण दोनशे रुपयांनी महाग पडते. आमच्या एका कार्डाला सरासरी दोन ग्रॅम सोल्डर लागते. म्हणजे कार्डामागे चाळीस पैसे. एवढ्यासाठी मी मागे हटणार नाही. बाजारात कथलाचा भाव वर-खाली झाला की दुकानाचे दरही लगेच बदलतात आणि कधी कधी जुन्या दराचे कोटेशन दोनच दिवस चालते. लहान कारखान्याला हे जाचते, आणि किमान आठवडाभर तरी दर टिकवावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आणखी एक सेवा इथे मिळते, तिचा उल्लेख करायलाच हवा. डिप पॉटवर जी राखाडी साय धरते, तिला आम्ही ड्रॉस म्हणतो. दिसायला ती मळी असली तरी तिच्यात बराचसा धातूच असतो. पूर्वी ती आम्ही भंगारवाल्याला मिळेल त्या भावाने देत असू. हे दुकान ड्रॉस परत घेते. काका स्वतः डबा उलटा करून पाहतात, शिसेमिश्रित आणि शिसेविरहित ड्रॉस वेगवेगळा आहे ना याची खात्री करतात, समोर काट्यावर वजन करतात आणि पुढच्या बिलातून रक्कम वळती करतात. एकदा माझ्या डब्यात जुन्या शिसेमिश्रित सोल्डरचे तुकडे निघाले, तेव्हा त्यांनी पूर्ण डबा परत पाठवला. मला तेव्हा राग आला होता, पण त्यांचे बरोबर होते. एका मिसळलेल्या डब्याने संपूर्ण घाण्यात शिसे गेले असते. पुनर्वापराचे कथील वापरले की खाणीचा प्रश्नच मिटतो, असे मात्र नाही. नव्या खाणीतला माल भंगार म्हणून दाखवण्याचा मार्ग सोन्याच्या व्यापारात चांगलाच रुळलेला आहे. भंगार कोणाचे, हेही विचारावेच लागते. इथे निदान माझे भंगार माझ्या नावाने नोंदले जाते.

या दुकानाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. टँटलमचे कपॅसिटर, ते पिवळे, एका टोकाला पट्टी असलेले छोटे चौकोन, हे दुकान ठेवत नाही आणि त्याबद्दल सल्लाही देत नाही. “त्यातलं मला विचारू नका,” असे काका हात जोडून सांगतात. ते कपॅसिटर मला नामांकित उत्पादकांच्या अधिकृत वितरकाकडूनच मागवावे लागतात, कारण बाजारात कापलेल्या पट्टीवर सुट्ट्या मिळणाऱ्या कपॅसिटरचा उत्पादकच कळत नाही, तर खाण कोठून कळणार? कार्डांवरच्या सोन्याच्या मुलाम्याचा कागद कोरी कार्डे बनवणाऱ्याकडून घ्यावा लागतो. शेजारच्या गाळ्यातले सीएनसीवाले (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर सुटे भाग कापणारे) वापरलेले कार्बाइडचे इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारी टंगस्टनयुक्त पाती, डब्यात साठवून भंगारात किलोवर विकतात, त्यातले टंगस्टन कोठून आले आणि कोठे जाणार, हा विषय त्यांच्याशी अजून माझा बोलून व्हायचा आहे.

हे सगळे आपल्याला कायद्याने बंधनकारक आहे का, असे मला वसाहतीतले बरेच जण विचारतात. थेट नाही. युरोपीय महासंघाचा १ जानेवारी २०२१ पासून लागू झालेला नियम तिथे खनिज आणि धातू आयात करणाऱ्यांना, आणि तेही ठरावीक वजनाच्या वर, लागू होतो. आपल्या कार्डांना नाही. भारतात सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना जो जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे, त्यात शाश्वत खरेदीबद्दल प्रश्न आहे, पण या चार धातूंची नावे घेऊन विचारणारा कायदा आपल्याकडे नाही. आपल्यापर्यंत हा प्रश्न ग्राहकाच्या ग्राहकाकडून येतो. गेल्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नासाठी सराफ बाजारात बांगड्या घेतल्या, तेव्हा प्रत्येक बांगडीवर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक होता. सोने किती शुद्ध आणि तपासले कुठे, हे त्यावरून कळते. ते कोणत्या जमिनीतून निघाले हे मी सराफांना विचारले, तेव्हा त्यांनी अत्यंत आदराने सांगितले की हा प्रश्न आजवर कोणीच विचारला नाही. पूर्व काँगोतले सोने शेजारच्या देशांमधून दुबईच्या बाजारात पोहोचते, हे संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ वर्षानुवर्षे लिहीत आहेत, आणि दुबईहून सोने येते कोणाकडे, हे आपण सगळे जाणतो.

शेवटी काकांच्या दुकानातलीच एक गोष्ट. त्यांच्या काउंटरच्या डाव्या बाजूला पत्र्याच्या डब्यात शुद्ध कथलाच्या कांड्या असतात. त्या भांडी बाजारातले कल्हईवाले नेतात. एका हाताला कांडी, दुसऱ्या हाताला नवसागर. काकांनी एक कांडी माझ्या कानाजवळ धरून हळूच वाकवली, तेव्हा तिच्यातून कर्रकर्र असा बारीक आवाज आला. शुद्ध कथील वाकवले की असे बोलते, शिसे मिसळले असेल तर गप्प राहते, असे ते म्हणाले. मी विचारले, या कांड्यांचा कागद आहे का? फाइलमध्ये त्या पाकिटाची जागा रिकामी होती. जर्मनीला जाणाऱ्या कार्डातल्या दोन ग्रॅम कथलाचा स्मेल्टर आम्हाला माहीत होता, आणि माझ्या आईच्या पितळी पातेल्याला, ज्यात घरच्यांसाठी आमटी शिजते, लावलेल्या कथलाचा नव्हता. काका बराच वेळ त्या डब्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “कल्हईवाले कधी विचारत नाहीत, ताई. पण तुम्ही विचारलंय.” गेल्या आठवड्यात तार घ्यायला गेले, तेव्हा मुलाने कांड्यांच्या आयातदाराला पाठवलेला मेल दाखवला. त्यात स्मेल्टरचे नाव, क्रमांक आणि मागच्या तीन लॉटचे कागद मागितले आहेत. उत्तर यायचे आहे. आईची पातेली कल्हईविना फडताळात ठेवली आहेत.